कुरणाची हिरवळ आणि कुरणाचे आरोग्य



कुरणाची स्थिती उपग्रहावरून पाहता येत असताना माणसाने गवतात बसून मोजणी कशाला करावी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर गुजरातमधील कच्छ जिल्ह्याच्या बन्नी प्रदेशात मिळते.

सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा सपाट, खारवट गवताळ प्रदेश. येथील मालधारी पशुपालक कांकरेज गायी आणि बन्नी म्हशी पाळतात. रात्री चरणाऱ्या या म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. कागदोपत्री मात्र बन्नी १९५५ पासून ‘संरक्षित वन’ आहे. गवताळ प्रदेशाला वन म्हणण्याची ही सवय मला खटकते. कारण मग झाडे वाढली की सुधारणा झाली, असा समज होतो. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या दशकात येथे प्रोसोपिस ज्युलिफ्लोराची लागवड झाली. ती अशी पसरली, की लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणू लागले.

उपग्रहावरून काढला जाणारा वनस्पती निर्देशांक तांबड्या व अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावर आधारलेला असतो. तो हिरवेपणा सांगतो. ते पान जनावराच्या उपयोगाचे आहे की नाही, हे सांगत नाही. त्यामुळे गवत हटून बाभूळ वाढली तरी आकडा सुधारलेला दिसू शकतो! पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातील प्रतिमा शेजारी ठेवल्यास हा भ्रम बराच दूर होतो. उन्हाळ्यापर्यंत गवत वाळते, बाभूळ हिरवी राहते.

तरीही गवत कोणते, हे जमिनीवरच कळते. ठरलेल्या जागी चौकट टाकून उघडी जमीन, आच्छादन व जाती नोंदवतात. गवत कापून, वाळवून वजन करतात. चराईचा ताण वाढला की मारवेलसारखी रुचकर बहुवर्षायू गवते आधी घटतात, निकस वर्षायू गवते वाढतात.

एका वर्षाची नोंद फसवी असते. बन्नीचा पाऊस लहरी. अवर्षणालाच ऱ्हास समजण्याची चूक सहज होते. म्हणून कुंपण घातलेला, न चरलेला तुकडा तुलनेसाठी हवा. दोन्हीकडे गवत खुंटले तर संशय पावसावर, केवळ बाहेर खुंटले तर चराईवर.

मालधाऱ्याचे माप वेगळे असते: कळप त्या भागात किती दिवस टिकला, दूध कधी उतरले. चौकटीच्या तक्त्यात त्यासाठी एक जादा रकाना पुरतो.