तिसरा नट

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात अथेन्स शहरात दर वसंतात डायोनायसस या देवाचा मोठा उत्सव भरे. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो माणसं उघड्यावर लाकडी बाकांवर बसत. आज तिथे दिसतात त्या दगडी पायऱ्या बऱ्याच नंतरच्या. नाटकांची स्पर्धा लागे. तीन नाटककार, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि शेवटी एक हसतंखेळतं सॅटिर नाटक. वृंदाच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्या पुरुषांच्या मेळ्याच्या, तालमीचा आणि पोशाखांचा खर्च एखाद्या धनिक नागरिकाने करायचा. ख्रिस्तपूर्व ४७२ मध्ये नाटककार एस्किलसच्या ‘पर्शियन्स’साठी हा भार पेरिक्लीजने उचलला. पुढे अथेन्सचा सर्वांत प्रभावी नेता झाला तोच हा पेरिक्लीज.

ग्रीक नाटकाचं मूळ या वृंदात. परंपरा सांगते की थेस्पिस नावाच्या कवीने त्यातून एक नट वेगळा काढला. पण एकटा नट बोलणार कोणाशी? फार तर वृंदाशी. अ‍ॅरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे दुसरा नट आणला एस्किलसने, आणि तिथे खरा संवाद सुरू झाला. तिसरा आणला सोफोक्लीजने.

सोफोक्लीज एस्किलसहून तीसेक वर्षांनी लहान. ख्रिस्तपूर्व ४६८ मध्ये त्याने स्पर्धेत एस्किलसला हरवलंही होतं. तरीही या तरुणाची युक्ती एस्किलसने मोकळ्या मनाने उचलली, आणि तिचा त्याने केलेला एक वापर तर थक्क करणारा आहे.

ख्रिस्तपूर्व ४५८ च्या ‘ओरेस्टेया’ या नाट्यत्रयीतलं दुसरं नाटक घ्या. राणी क्लायटेम्नेस्ट्राने नवऱ्याचा, अगामेम्नॉनचा खून केलेला आहे. मुलगा ओरेस्टेस सूड घ्यायला परततो. सोबत मित्र पायलाडीज. हा पहिल्या प्रवेशापासून दिसतो, पण चकार शब्द बोलत नाही. प्रेक्षक धरून चालतात की ही मुकी भूमिका आहे. शेवटी मुलगा तलवार उगारतो, तेव्हा आई त्याला ज्या छातीवर तो वाढला ती दाखवते. त्याचा हात थबकतो. तो मित्राला विचारतो, काय करू? आणि पायलाडीज बोलतो. फक्त तीन ओळी: अपोलो देवाची आज्ञा आठव, सगळं जग वैरी झालं तरी चालेल, पण देवांशी वैर नको. पुन्हा तो गप्प होतो, तो कायमचा. एवढ्या जपून ठेवलेल्या तीन ओळी जगाच्या रंगभूमीवर क्वचितच सापडतील.

इथे नटांचीही कसोटी होती. बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, सगळे मुखवट्यात. या प्रसंगाच्या काही क्षण आधी एक नोकर ओरडत बाहेर आलेला असतो. एका प्राचीन टीकाकाराने लिहून ठेवलंय की त्याच नटाला झटपट वेष बदलून पायलाडीज व्हावं लागे. मुखवट्यामुळेच हे साधे.

खून मात्र प्रेक्षकांसमोर होत नाही. आई आत नेली जाते, दार उघडतं तेव्हा प्रेतंच दिसतात. असं आतलं दृश्य बाहेर आणायला ग्रीक रंगभूमीवर चाकांचा पाट वापरत.

त्या वर्षी पहिलं बक्षीस ‘ओरेस्टेया’ला मिळालं. दोनेक वर्षांत एस्किलस सिसिलीतल्या गेला इथे वारला. स्पर्धेत एरवी नवी नाटकंच चालत. त्याची जुनी नाटकं पुन्हा उभी करायला अथेन्सने खास परवानगी दिली.