घराच्या जमिनीत ठेवलेली माणसं

पंचवटीत रामकुंडावर रोज अस्थी येतात. लहानशा मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. तिथल्या अस्थिविलय तीर्थात हाडं विरघळून जातात, अशी श्रद्धा आहे. गेलेल्या माणसाचं काहीच मागे राहू नये, ही इथली रीत. समोरच्या, उजव्या काठावर मातीची गढी आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा खालच्या थरात ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची भांडी निघाली. त्याच सुमारास संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावीही खणलं गेलं आणि त्या गावाचं नाव या संस्कृतीला मिळालं. या लोकांची रीत रामकुंडाच्या नेमकी उलट होती. त्यांनी आपली माणसं नदीला दिली नाहीत, घरातच ठेवली.

याचा सर्वांत भरघोस पुरावा शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी तिथं उत्खननं केली आणि दोनशेहून अधिक दफनं उजेडात आली. बहुतेक लहान मुलांची. हातानं घडवलेले दोन जाडसर रांजण आडवे ठेवायचे, तोंडाला तोंड लावून, आणि आत मूल. खड्डा घराच्या जमिनीतच. शेजारी तोटीचं भांडं, वाडगा. नेवाशाला एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत ओवलेला धागाही टिकून राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो ओवला, गाठ मारली आणि लेकराच्या गळ्यात घातला. मोठ्यांना मात्र उताणं निजवत, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखालची पावलं तोडलेली.

पावलं तोडली म्हणजे भुताची भीती, असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला माणूस शिवेबाहेर नेऊन पुरतो, स्वतःच्या अंथरुणाखाली नाही. पावलं काढली ती त्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असंच मला वाटतं. शेतीनं माणसाला एका जागी बांधलं. पेरणी, साठवण, पुढच्या वर्षाचं बी, सगळं घराशी जोडलं गेलं. मग घरातलं माणूसही घराबाहेर कसं जाईल? तुर्कस्तानातल्या चाताल ह्युयुकचे शेतकरीही याच्या कितीतरी हजार वर्षं आधी ओट्याखाली मृतांना पुरत होते. कुणी म्हणेल, हा जमिनीवरचा हक्क सांगण्याचा प्रकार असावा. काही अंशी असेलही. पण इ. स. पू. १०००नंतर इनामगावला पाऊसमान बिघडलं, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. तरी दफनं घरातच होत राहिली. हक्क सांगण्याजोगं पीकच उरलं नव्हतं, तेव्हाही. म्हणजे धरून ठेवायचं होतं ते शेताआधी माणसाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तान्ह्या मुलाला न जाळता पुरण्याची चाल आजही आहे, मग यात शेतकऱ्यांचं वेगळं काय? वेगळी आहे ती जागा. आज पुरतात ते गावाबाहेर. वस्तीपासून वेगळी दफनभूमी आपल्याकडे ठळकपणे दिसते ती पुढे लोहयुगात, नागपूरजवळ जुनापाणीच्या शिळावर्तुळांत.

इनामगावचंच एक दफन या सगळ्याहून निराळं आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण निघाला. त्यात साधारण चाळिशीचा पुरुष बसलेला होता. हा गावाचा प्रमुख असावा, म्हणून त्याला वेगळा मान, असं अभ्यासक मानतात. घर मोठं होतं, तेव्हा ते बरोबरच असेल. पण त्याची पावलं शाबूत होती, आणि याचं कारण मला मानापेक्षा रांजणात दिसतं. उघड्या खड्ड्यात निजवलेल्याला धरून ठेवायला पावलं काढावी लागत. याला चारी बाजूंनी मातीनं कवेत घेतलेलं होतं, तो कुठे जाणार नव्हता.