देवरगावची उंच उडी

उंच उडीच्या खेळाचा न्याय मोठा कठोर आहे. धावण्याच्या शर्यतीत पहिला येणारा विजयाच्या क्षणीच थांबतो. येथे मात्र दांडा चढतच जातो आणि बहुधा विजेत्याचीही अखेर तो पाडूनच होते. लागोपाठ तीन उड्या चुकल्या की खेळाडू बाद. अशा रीतीने प्रत्येकाच्या सामर्थ्याची मर्यादा सेंटिमीटरांत लिहिली जाते. परंतु ती मर्यादा केवळ पायांच्या बळावर ठरत नाही. उडी मारणारा खाली पडतो कशावर, यावरही ती अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यातील देवरगावचा सर्वेश कुशारे याची कारकीर्द या गोष्टीची साक्ष देते.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन विंटरने १ मीटर ९८ सेंटिमीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. त्या काळी दांड्यापलीकडे वाळूच असे. तेव्हा पाय कात्रीसारखे फिरवून अथवा अंग कुशीवर वळवून उडी मारावी आणि हातापायांवर स्वतःस सावरावे, हीच रीत होती. पुढे वाळूच्या जागी जाड, मऊ गादी आली आणि १९६८ साली मेक्सिकोत अमेरिकेचा डिक फॉस्बरी दांड्याकडे पाठ करून २ मीटर २४ सेंटिमीटर उडाला. या पद्धतीत पाठीची कमान होऊन शरीर भागाभागाने दांडा ओलांडते. म्हणून त्याच बळात अधिक उंची साधते. मात्र खेळाडू पडतो तो खांदे व पाठ यांवर. वाळूत असे पडणे म्हणजे मानेशी खेळ! तेव्हा गादी हा या विद्येचा अलंकार नव्हे, तिचा पाया आहे.

१९९५ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सर्वेशला असली गादी शाळेत कोठून मिळणार? तेथे क्रीडाशिक्षकांच्या पुढाकाराने मक्याच्या भुसकटाची गादी सिद्ध झाली. शेतात जे टाकाऊ, तेच त्याच्या पाठीखाली आले. त्या भुसकटावर पाठीवर पडण्याचे भय गेले, आणि भय गेल्यावाचून ही उडी येत नाही.

पुढे तो सैन्यात गेला. २०१९ साली काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक, तर २०२३ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत २ मीटर २६ सेंटिमीटर उडीने रौप्यपदक पटकाविले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र २ मीटर १५ सेंटिमीटरांपुढे त्याची मजल गेली नाही. सर्व देशाच्या दृष्टीसमोर आलेले हे अपयश एखाद्याचे मन खचविण्यास पुरेसे होते. परंतु पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. तेथे त्याने २ मीटर २८ सेंटिमीटर ही आपली सर्वोच्च उडी मारून सहावा क्रमांक मिळविला. तेजस्विन शंकरने २०१८ साली केलेला २ मीटर २९ सेंटिमीटरांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्यापासून अवघ्या एका सेंटिमीटरावर राहिला.

या कथेतील जिद्दीचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. परंतु प्रत्येक शाळेला असा कल्पक शिक्षक लाभतोच असे नाही. गोदाकाठचे नाशिक असो की कयाधूकाठचे हिंगोली, पोरांच्या पायांत बळ सर्वत्र आहे. त्यांना निर्भयपणे पडता येईल एवढी मऊ जागा देणे, हे मात्र वडीलधाऱ्यांचे काम आहे.