तुर्की घरातली इंग्रजी

परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला अवघड शब्दांचा त्रास होत असेल अशी आपली समजूत असते. ‘पार्लमेंट’, ‘इन्शुरन्स’, ‘युनिव्हर्सिटी’ असले जाडे शब्द त्याच्या जिभेवर अडत असतील, आणि ‘इन’, ‘ऑन’, ‘ही’, ‘शी’ हे तर काय, पहिल्या पुस्तकातले! माझीही तशीच समजूत होती. ती मोडली ती उत्तर लंडनमध्ये, हॅरिंगे नावाच्या भागात. तिथे काही वर्षे संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात मी इंग्रजी शिकवीत असे, आणि वर्गातली बहुतेक मंडळी तुर्की बोलणारी होती.

त्या भागात ग्रीन लेन्स म्हणून एक लांबलचक रस्ता आहे. दोन्ही अंगांना तुर्की भटारखाने, वाणसामानाची दुकाने, न्हाव्यांची दुकाने. १९५० ते १९६०च्या सुमारास सायप्रस बेटावरून आणि १९७० नंतर खुद्द तुर्कस्तानातून ही कुटुंबे आली. पुष्कळांनी कपडे शिवण्याच्या कारखान्यांत दिवस काढले. शेजारच्या मशीनवरचा माणूस तुर्की, वाणी तुर्की, न्हावी तुर्की. त्यामुळे वीस-वीस वर्षे राहूनही इंग्रजीवाचून चालत असे. अडे ते दवाखान्यात, मुलांच्या शाळेत आणि टेलिफोनवर.

आमच्या वर्गात एक बाई होत्या. चाळिशीच्या आसपास वय, बोलका स्वभाव. त्यांना सगळे ‘आब्ला’ म्हणत. आब्ला म्हणजे ताई. मीही त्यांना आब्लाच म्हणू लागले, आणि त्या मला ‘होजाम’ म्हणत, म्हणजे ‘माझ्या गुरुजी’. हा ‘होजा’ म्हणजे आपल्या ओळखीचा फारसी ‘ख्वाजा’. आब्लांना एक मुलगा आणि एक नऊ वर्षांची मुलगी. घरातले सारे टेलिफोन ही मुलगीच करी. विजेचे बिल, शाळेची चिठ्ठी, दवाखान्याची वेळ, सगळे तिच्याकडे. परमुलुखात गेलेल्या घरांत हे नेहमी दिसते. पोर दुभाष्या होते, आणि आई मागे उभी राहून मान हलवते.

एकदा ही मुलगीच तापाने पडली, घसा बसलेला. आब्लांनी धीर करून दवाखान्यात स्वतः टेलिफोन केला. मुलीविषयी बोलताना प्रत्येक वेळी त्या ‘शी’च्या जागी ‘ही’ म्हणत गेल्या. पलीकडच्या बाईने कागद पाहिले, घरात मुलगा आहे असे दिसले, आणि वेळ मुलाच्या नावावर लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी तापलेल्या मुलीला घेऊन आब्ला गेल्या, तर तिच्या नावाची वेळच नाही. तासभर बसून परत आल्या. त्यानंतर मुलगी म्हणू लागली, “आई, तू बोलू नकोस. मी बरी झाले की मी बोलेन.”

हे वाक्य आब्लांना फार लागले. वर्गात येऊन बसल्या त्या वही उघडेनात.

श्रोतेहो, आपल्याला वाटेल, ‘तो’ आणि ‘ती’ यांत कुणी गोंधळते काय? पण तुर्कीत ‘तो’, ‘ती’, ‘ते’ असा भेदच नाही. तिघांना मिळून एकच अक्षर: ‘ओ’. नवराही ओ, मुलगीही ओ, खुर्चीही ओ. तुर्की माणूस बोलायला लागतो तेव्हा समोरची व्यक्ती पुरुष की बाई याचा हिशेब त्याच्या मनाने केलेलाच नसतो. इंग्रजीत तो हिशेब दर वाक्याला करावा लागतो, आणि तोही वाक्य तोंडातून निघण्याच्या आधी. मला मराठी असल्याचा इथे उपयोग झाला आणि अडचणही झाली. उपयोग असा, की मराठीत तर क्रियापदसुद्धा ‘गेला’, ‘गेली’ होते; भेद करणे म्हणजे काय ते मला ठाऊक. अडचण अशी, की मराठीत ‘ही’ म्हणजे बाई, आणि ‘शी’ आपण घाण पाहिली की म्हणतो. हे मी वर्गात सांगितले तेव्हा आब्ला त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

दुसरे दुखणे ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ यांचे. तुर्की भाषा आपल्यासारखीच शब्दाच्या शेपटाला प्रत्यय जोडते. ‘एव’ म्हणजे घर, ‘एवे’ घराला, ‘एव्दे’ घरात, ‘एव्देन’ घरातून. क्रियापदही आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी. मराठी माणसाला तुर्की वाक्याचा सांगाडा पाहून घरी आल्यासारखे वाटते. पण आपण ‘घरात’, ‘टेबलावर’, ‘पाच वाजता’ असे निरनिराळे बोलतो. तुर्की माणूस तिन्ही ठिकाणी तो एकच ‘दे’ लावून मोकळा होतो. आता या एका ‘दे’चे इंग्रजीत तीन शब्द, आणि कोणता कुठे याला धड नियम नाही. सोमवारला ‘ऑन’, पाच वाजण्याला ‘ॲट’, जुलै महिन्याला ‘इन’. का? तर तसेच म्हणतात म्हणून.

यात आणखी एक गंमत आहे. १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन अक्षरे घेतली. मुस्तफा केमाल स्वतः फळ्याजवळ उभे राहून लोकांना ती अक्षरे दाखवीत. एकोणतीस अक्षरे, आणि जसे लिहिले तसे वाचायचे. देवनागरीची सवय असलेल्या माणसाला ही शिस्त पटकन पटेल. पण त्यामुळे इंग्रजी पुस्तक उघडले की तुर्की माणसाला परके अक्षर फारसे दिसत नाही, जवळजवळ सगळे ओळखीचे दिसते आणि चुकीचे वाचले जाते. इंग्रजी ‘ॲट’ त्याला दिसतो ‘आत’, आणि आत म्हणजे घोडा. ‘ऑन’ म्हणजे त्याच्या भाषेत दहा. ‘इन’ म्हणजे रानटी जनावराची गुहा. ‘बट’ दिसतो ‘बुत’, म्हणजे मांडी! इंग्रजी ‘कॅन’ची अक्षरे तो वाचतो ‘जान’, कारण तिथल्या ‘क’चा त्यांच्याकडे ‘ज’ होतो. आणि हा जान म्हणजे आपण ‘जानी दोस्त’ म्हणतो त्यातलाच. ‘टॉप’चा होतो ‘तोप’. आज त्याचा अर्थ पोरांचा चेंडू, पण जुना अर्थ तोफ, आणि आपली तोफ त्यांच्याकडूनच आलेली. तेव्हा घोडा, दहा, गुहा आणि मांडी घेऊन इंग्रजी वाक्य लावायचे, असा हा कारभार.

मोठे शब्द मात्र या लोकांना जवळजवळ फुकट मिळतात. एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलच्या दरबारी लोकांचा ओढा फ्रेंचकडे होता. १८६८ साली तिथे गालातासराय येथे फ्रेंचमधून शिकवणारी मोठी शाळा निघाली. त्या वाटेने ‘ओतोब्यूस’, ‘तेलेविझ्योन’, ‘इस्तास्योन’ असे शब्द घराघरांत शिरले. इंग्रजीत तेच थोडे वेगळे नेसून येतात, त्यामुळे ओळख पटते. इस्तास्योन पाहून मला आपल्या खेड्यातले ‘इस्टेशन’ आठवे. दोन जोडाक्षरी ठोकळे शब्दाच्या तोंडाशी आले की त्यांचीही जीभ आपल्या खेडुतासारखीच आधी एक स्वर टेकवते.

पण फुकट मिळालेल्या मालात खोटी नाणीही असतात. तुर्कीत ‘पास्ता’ म्हणजे केक. वर्गातला एक तरुण कुणाच्या वाढदिवसाला हॉटेलात ‘पास्ता’ मागून बसला, आणि पुढ्यात आल्या टोमॅटोतल्या शेवया. ‘सेम्पातिक’ म्हणजे त्यांच्याकडे लाघवी, मनमिळाऊ. तो शब्द इंग्रजी समजून कुणाला लावला, तर ऐकणाऱ्याला वाटते, आपल्यावर काय दुःख कोसळले म्हणून हा सहानुभूतीचे बोलतो आहे? ‘आपार्तमान’ म्हणजे अख्खी इमारत, एक बिऱ्हाड नव्हे. तेव्हा ‘माझे अपार्टमेंट सहा मजली आहे’ असे कुणी सांगितले तर तो बढाई मारीत नाही, हे लक्षात ठेवावे.

क्रियापदांचेही तसेच. तुर्कीत दिवा उघडतात आणि बंद करतात, सिगारेट पितात. यावर आपण हसू नये. आपण दिवा ‘लावतो’, आणि आपली आजोबा मंडळी विडी पीतच असत.

या सगळ्यावर मी आधी शाळेतलाच उपाय केला, म्हणजे याद्या. रोज वीस शब्द, डावीकडे तुर्की, उजवीकडे इंग्रजी. आठवड्याने विचारले की निम्मे गेलेले. चूक माझीच होती. यादीत शब्दाला शब्द जोडलेला असतो, पण दोन भाषांतले शब्द असे जोडीने जन्माला येत नाहीत. तुर्की ‘साआत’ घ्या. त्यात तास आला, मनगटावरचे घड्याळ आले आणि भिंतीवरचेही आले. इंग्रजीला त्यासाठी तीन शब्द लागतात. ‘पार्माक’ म्हणजे बोट. इंग्रजीत हाताचे बोट वेगळे, पायाचे वेगळे. आब्लांनी एकदा दुकानात ‘माझ्या पायाच्या फिंगरला’ मलम मागितले होते. मी म्हटले, “आब्ला, माझ्या भाषेतही पायाचे बोटच म्हणतात.” तर त्या म्हणाल्या, “मग इंग्रजांनी बोटांना दोन शब्द केले, आणि मावशी-आत्यांना एकच?”

मी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशीचा पाठ तिथेच सोडला. तुर्कीत ‘तेयझे’ म्हणजे मावशी, ‘हाला’ म्हणजे आत्या, ‘आम्जा’ काका, ‘दायी’ मामा. ‘येन्गे’ वहिनी. ‘बाल्दिझ’ मेहुणी. नणंदेला ‘ग्योरूम्जे’, जावेला ‘एल्ती’, आणि साडूला चक्क स्वतंत्र शब्द आहे, ‘बाजानाक’! फळ्यावर एका बाजूला तुर्की, दुसऱ्या बाजूला देवनागरीत मराठी लिहीत गेले, आणि दोन्ही रकाने बरोबरीने भरले. इंग्रजीचा रकाना ‘आँट’ आणि ‘अंकल’ लिहून संपला. वर्गातल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारले, “मग हे लोक भांडतात कुणाशी?” मग हमाल, दुकान, हिशेब, हवा, तराजू असे दोन्हींकडे कानाला सारखे लागणारे शब्द निघाले, आणि तास कसा संपला ते कळले नाही.

त्या दिवसापासून मी याद्या सोडल्या. शब्द एकटा द्यायचा नाही. तो ज्या कामाला जातो त्या कामासकट द्यायचा. ‘ऑन’ शिकवायचा नाही, ‘ऑन मंडे’ शिकवायचे. दवाखाना हे एक काम, भाजी घेणे हे एक काम, शाळेतल्या बाईंशी बोलणे हे एक काम. ‘ही’ आणि ‘शी’साठी प्रत्येकाने घरच्या माणसांचे फोटो आणायचे, आणि फोटोवर बोट ठेवूनच वाक्य बोलायचे. नवऱ्याचा फोटो असला तर ‘ही’, मुलीचा असला तर ‘शी’. आब्लांनी तो मुलीचा फोटो स्वयंपाकघरात टेलिफोनजवळ लावून ठेवला.

एक गोष्ट मात्र मला देता आली नाही. तुर्की माणूस कामात असलेल्या माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ म्हणतो, म्हणजे काम सोपे जावो. आजाऱ्याला ‘गेच्मिश ओल्सुन’, म्हणजे हे दुखणे मागे पडो. मला विचारीत, याला इंग्रजीत काय म्हणायचे? नेमके काही नाही. रस्ता झाडणाऱ्या माणसाजवळून नुसते पुढे जायचे. हे त्यांना पटत नसे, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

चार-पाच महिन्यांनी एका सोमवारआधीच्या शुक्रवारी वर्गाच्या बाहेर, जिन्यापाशी, आब्ला टेलिफोन करीत उभ्या होत्या. फुटबॉल खेळताना मुलीच्या पायाला लागले होते. मुलगी शेजारीच होती, हात पुढे करून टेलिफोन मागत होती. आब्लांनी तिला हाताने थांबवले. “माय डॉटर,” त्या म्हणाल्या, आणि मग थोडे थांबून, मुलीकडे पाहत, “शी. शी हर्ट हर टो.” पलीकडून काही विचारले गेले. “द बिग वन,” आब्ला म्हणाल्या. मग कानाशी टेलिफोन तसाच धरून त्यांनी मला हाताने खूण केली, पेन्सिल हवी म्हणून. बिलाच्या पाठीवर लिहिले: ‘ऑन मंडे, ॲट टेन’.

टेलिफोन ठेवला आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “होजाम, हे पाहा. दहा आहे, घोडा आहे, आणि पुन्हा दहाच आहे. पण वेळ मुलीच्याच नावावर आहे.”