परदेशातील आपली न्याहारी

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. मी विदुषी नाही आणि लेखिकाही नाही. शिकागो शहरात आयुष्याची बहुतेक वर्षे संसार करून परतलेली मी एक गृहिणी आहे. तेव्हा जे स्वतः केले आणि करताना जे चुकले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे. विषय लहान आहे : सकाळची न्याहारी.

१९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्याकडील डॉक्टर-इंजिनियर मंडळींना तिकडचे दार उघडले. माझे यजमान त्यांपैकीच एक. त्यांच्यामागोमाग १९७१ च्या जानेवारीत मी शिकागोला उतरले. खिडकीबाहेर बर्फ साचलेले, आणि पहिल्या सकाळी पुढ्यात आल्या त्या थंड दुधात भिजवलेल्या मक्याच्या चकत्या! सिंधुदुर्गातल्या घरात उकड्या तांदळाची ऊन पेज आणि बिडाच्या तव्यावरची आंबोळी खाऊन वाढलेल्या मुलीने तो वाडगा पाहून डोळ्यांना पदर लावला, हे आज सांगायला संकोच वाटत नाही. दुपारचे जेवण परके असले तरी दिवसाच्या धांदलीत मनुष्य ते निभावून नेतो. सकाळी मात्र तो अजून पुरता जागा झालेला नसतो, आणि अशा वेळी त्याला घरच लागते.

त्या काळी आमच्या आसपास भारतीय वाणसामान मिळणे दुरापास्त होते. म्हणून जे मिळेल त्यात आपले शोधावे लागे. गव्हाचा रवा ‘क्रीम ऑफ व्हीट’ या नावाच्या डब्यात सापडला. त्याचा सांजा उत्तम होई, मात्र तो भाजताना जपावे लागे. ओटचे दाणे वाफवून चपटे केलेले असतात हे कळल्यावर त्यांना पोह्यांसारखी फोडणी देऊन पाहिली. हाती लागली ती खळ! खोबऱ्याचा कीस मिळे, पण तो साखरेत घोळलेला. पहिली चटणी इतकी गोड झाली की यजमानांनी ती मुकाट्याने पावाला लावून खाल्ली. पुढे मी तो कीस कोमट पाण्यात तीनदा धुऊन वापरू लागले.

सर्वांत मोठा शोध लागला तो तांदळाचा. ‘कन्व्हर्टेड राईस’ म्हणून जो तांदूळ तिकडे विकतात, तो भाताला वाफ देऊन, वाळवून मग सडलेला असतो. म्हणजे जातकुळीने तो आपला उकडा तांदूळच की! त्याची पेज मीठ घालून प्यायले, त्या सकाळी मला शिकागो प्रथम राहण्याजोगे वाटले. तसेच लोखंडी सामानाच्या दुकानात बिडाचा जड तवा स्वस्तात मिळाला. अर्धा कांदा तेलात बुडवून तो तव्यावर फिरवला, तेव्हा उठलेला वास थेट आमच्या माजघरातला होता.

आंबोळी मात्र हुलकावणी देत राहिली. मुंबईहून बरोबर आणलेली उडदाची डाळ पुरवून वापरीत होते. पीठ रात्री वाटून ठेवावे आणि सकाळी पाहावे तो जसेच्या तसे. पीठ फुगते ते धान्यावर मुळातच असलेल्या सूक्ष्म जंतूंमुळे. ते वायू सोडतात, आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. त्यांना सुमारे तीस अंशांची ऊब लागते. आमच्या कोकणात ती रात्रंदिवस फुकट मिळते. शिकागोच्या हिवाळ्यात घरात जेमतेम वीस. डाळ चांगली होती, पाणी चांगले होते. उणी होती ती ऊब.

हा तिढा सोडवला आमच्या घरमालकिणीने. ही बाई पोलंडची. शिकागोत पोलिश लोकांची वस्ती फार मोठी आहे. राईचे पीठ, म्हणजे आपली मोहरी नव्हे, तर गव्हासारखे जे धान्य तिकडे पिकते त्याचे पीठ, पाण्यात आंबवून ते लोक ‘झुरेक’ नावाचे आंबट सार करतात. माझे रुसलेले पीठ पाहून तिने काही न विचारता भांडे उचलले आणि गॅसच्या भट्टीत ठेवले. त्या काळच्या भट्ट्यांत एक बारीक ज्योत अखंड तेवत असे; तिच्या उबेत ही बाई स्वतःचे पीठ आंबवी. दुसऱ्या सकाळी पीठ भांड्याच्या काठाशी आले होते. पहिली जाळीदार आंबोळी मी तिलाच वाढली.

पुढे दिवस पालटले. १९७४ साली डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्स हे दुकान निघाले आणि डाळ, पोहे, हिंग यांची ददात मिटली. परंतु माझी खरी अडचण दुकानाने मिटणारी नव्हती. आंबोळीचे माप विचारले की आई पत्रात लिही : “उडीद मूठभर, तांदूळ त्याच्या तिप्पट, मेथी चिमूटभर.” मूठ कोणाची? माझ्या मुठीने केलेली आंबोळी कधी चामट होई, कधी तव्याला चिकटे.

१९८४ साली आई तीन महिने आमच्याकडे येऊन राहिली. तेव्हा मी तिला डाळीची मूठ भरायला लावली आणि ती काट्यावर वजन केली. दोन औंस. पुन्हा भरायला लावली. पुन्हा दोन औंस. तिसऱ्यांदा आई हसू लागली, तरी काटा हलला नाही. चाळीस वर्षे दररोज भरलेली ती मूठ कोणत्याही काट्याइतकी पक्की होती. ते वजन मी वहीत लिहून ठेवले. आज माझी नात, जिला मराठी धड बोलता येत नाही, त्याच वजनाने आंबोळी करते.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते. आई खापरोळ्याही करी. मऊ, लुसलुशीत खापरोळी नारळाच्या गोड रसात बुडवून ती आमच्यापुढे ठेवी. त्याचे माप मी विचारले नाही. ‘पुढच्या खेपेस पाहू’ असे म्हणाले. पुढची खेप आलीच नाही. १९८६ साली आई गेली. त्यानंतर मी अनेक पुस्तकांतल्या खापरोळ्या करून पाहिल्या. त्या चांगल्या होतात, पण आमच्या घरच्या होत नाहीत. दोष कोणाचाच नाही, माझ्या आळसाखेरीज.

भगिनींनो, आपल्या प्रत्येकीच्या घरी अशी एखादी मूठ अजून असेल. आज रात्री घरी गेल्यावर ती काट्यावर ठेवा. मंडळाला माझी विनंती आहे की, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत चार पाने या मापांसाठी राखून ठेवावीत. त्यांचा छपाईचा खर्च मी आनंदाने सोशीन.

मात्र ती पाने छापताना एक गोष्ट विसरू नये. ज्या पदार्थांना आपण अभिमानाने ‘आपल्या ज्ञातीचे’ म्हणतो, त्यांतला माझा पदार्थ परदेशात जगला तो एका पोलिश बाईच्या भट्टीत आणि गुजराती वाण्याच्या डाळीवर. त्यांपैकी कोणीही माझी ज्ञाति विचारली नाही. म्हणून ही मापे कुलूपबंद ठेवण्यासाठी नव्हेत. दार ठोठावील त्याला देण्यासाठी ती लिहावयाची आहेत.