खलियासमोर लाल वाईन

नाशिकला नोकरी करणारा माझा भाचा गेल्या एप्रिलमध्ये घरी आला, तेव्हा तिथल्या शिराझची एक बाटली घेऊन आला. शिराझ म्हणजे चांगली दमदार, गडद लाल वाईन. "मामा, हिच्याबरोबर जेवायला काय करायचं?" त्यानं विचारलं. म्हटलं, औरंगाबादेत येऊन हा प्रश्न? (शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, माझ्या जिभेवरचं अजून बदलायचंय.) नान-खलिया!

बेत साफ फसला. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं कुठंतरी वाचलं होतं. म्हणून बाटली कपाटातच ठेवली. पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची! आमची एप्रिलमधली खोली म्हणजे भट्टीच. पेल्यातून द्राक्षाऐवजी नुसत्या अल्कोहोलचा भपका आला. त्यावर तर्रीचा घास घेतला आणि तोंडात आग लागली. भाचा म्हणाला, "आपल्या जेवणाला वाईन चालतच नाही, मामा." हे मात्र मला लागलं.

दोष खलियाचा नव्हता, वाईनचाही नव्हता. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा फिकाच असतो. साली रसात मुरवल्या की रंग उतरतो, आणि साली-बियांतून टॅनिनही. कच्ची सुपारी किंवा जास्त उकळलेला कोरा चहा जीभ धरतो ना, ते टॅनिनचंच काम. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत मटणाची चरबी आणि प्रथिनं असली की तोच तुरटपणा मवाळ होतो. मिरचीचं मात्र उलट आहे. अल्कोहोल तिची आग वाढवतं.

पुढच्या रविवारी पुन्हा प्रयत्न केला. दुसरी बाटली वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवली. खलियावरची तर्री पळीनं बाजूला काढली, मंद आचेवर शिजलेले चरबीचे तुकडे वाढले आणि शहागंजच्या बाजूनं हळदीच्या रंगाचे नान आणले. पेला तिसरा हिस्साच भरला, गोल फिरवला आणि आधी नुसता हुंगला. चक्क काळी मिरी! हा भास नव्हे बरं का. शिराझमधला हा वास रोटनडोन नावाच्या द्रव्याचा, आणि मिऱ्यातही तेच असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं. खलियाच्या मसाल्यातही मिरी आहेच. मग आधी नान-मटणाचा घास, तो गिळल्यावर छोटा घोट. या वेळी तुरटपणा टोचला नाही. भाचा काही बोलला नाही. त्यानं दुसरा नान ओढला.

महंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादेत हलवली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असं सांगतात. आज तो इथल्या मुस्लिम लग्नघरांचा मान आहे. तेव्हा एक सांगतो, खलियाच्या हॉटेलात बाटली घेऊन जाऊ नका. खलिया घरी आणा, आणि पिणारे असाल तरच एखादा पेला घ्या.

शाकाहारी मंडळींनी भरलं वांगं करून पाहावं. दाण्याकुटाचं आणि तिळाचं तेल मटणाच्या चरबीची जागा बऱ्यापैकी भरून काढतं. तिखट तेवढं निम्मं घाला. आमच्या घरी मी निम्मं म्हटलं की बायको पाऊण घालते, आणि त्या दिवशी मी ताकच पितो.