बुडापेस्टमधला मेहराब

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर टेकड्यांवरचं बुडा, दुसऱ्या तीरावर सपाटीवरचं पेस्ट. १८७३ मध्ये ओबुडासह ती एक झाली. त्याआधी, १८४९ मध्येच, साखळीपुलानं दोन्ही काठ जोडले होते. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं तो उडवला. १९४९ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, तो पुन्हा उभा राहिला.

पार्लमेंटचा घुमट ९६ मीटर उंच. हंगेरियन लोक ८९६ मध्ये या भूमीत आले असं मानतात, त्याची ही आठवण. सेंट स्टीफनचं चर्चही तेवढ्याच उंचीचं. हे सारं पाहावंच. पण दोन-तीन जागा अशा आहेत, जिथं घाईनं पुढं जाऊ नये.

१५४१ मध्ये तुर्कांनी बुडा घेतलं. टेकडीवरच्या मात्याश चर्चची मशीद झाली. १६८६ मध्ये तुर्क गेले आणि मशिदीचं पुन्हा चर्च झालं. राजे बदलले की देवळांचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण तुर्कांनी बांधलेलं रुदाशचं हमामखाना अजून चालू आहे. घुमटाखाली अष्टकोनी हौद, त्यात गरम झऱ्याचं पाणी. पाण्याला कुणी धर्म विचारला नाही.

गुलबाबा नावाच्या दरवेशाची कबरही बुडातच आहे. गुल म्हणजे गुलाब. सुलतान सुलेमानाच्या फौजेबरोबर तो आला आणि १५४१ मध्येच वारला. त्या टेकडीला लोक आज गुलाबांची टेकडी म्हणतात.

आता एलिझाबेथ पूल ओलांडून पेस्टमध्ये या. पुलाच्या टोकाशीच जुनं चर्च आहे. आत मुख्य वेदीच्या बाजूला भिंतीत एक कोनाडा दिसतो. नमाज पढणाऱ्या माणसाला तो ओळखायला क्षणही लागत नाही. तो मेहराब आहे, मक्केची दिशा दाखवणारा. तुर्कांच्या काळात हे चर्चही मशीद होतं. आज तिथं येशूची प्रार्थना होते आणि मेहराब जपलेला आहे.

तिथून चालत दोहान रस्त्यावर ज्यूंचं सिनेगॉग लागतं. १८५९ मधलं, सुमारे तीन हजार माणसं बसतील एवढं. त्याची शैली मूरिश, म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानी कारागिरीची आठवण देणारी. त्याच्या आवारात १९४४-४५ च्या हिवाळ्यात मेलेल्या दोन हजारांहून अधिक ज्यूंना पुरलेलं आहे.

शेवटी पार्लमेंटजवळचा नदीकाठ. तिथं लोखंडी बुटांचे ६० जोड मांडून ठेवले आहेत. पुरुषांचे, बायकांचे, मुलांचेही. त्याच हिवाळ्यात 'ॲरो क्रॉस' या हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यूंना काठावर उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. प्रेतं डॅन्यूबनं नेली. २००५ मध्ये हे स्मारक झालं. लोक त्या बुटांत फुलं ठेवून जातात.

पराभूत परक्याचा कोनाडा जपणं अवघड. आपल्याच माणसांनी केलेलं पाप पार्लमेंटच्या शेजारी मांडून ठेवणं त्याहून अवघड. बुडापेस्टला गेलात तर घुमटाचा फोटो जरूर काढा. बुटांपाशी मात्र कॅमेरा खिशात ठेवा आणि थोडा वेळ नुसते उभे राहा.